बैलावरचा आळ

"मॅडम, गुंगीत मी काही बोलणार तर नाही ना?"

नाशकात भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न मला जितक्या जणांनी विचारला, तितक्यांनी "मी परत उठेन ना?" असं विचारलं नसेल. माणसाला मरणाची भीती असतेच, पण आपल्या जिभेची त्याहून जास्त असते. पंचवटीतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी बायकोला बळेच घरी धाडलं, पोथी विसरली म्हणून. गुंगीतून बाहेर येताना हा गृहस्थ काय बोलला, तर "वाटाण्याची उसळ". त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी म्हणाले, "बाई, माझ्या तोंडून वेडंवाकडं काही निघालं तर तुम्ही कान झाका." मी म्हटलं, "गुरुजी, माझे दोन्ही हात तेव्हा तुमच्या जबड्याखाली असतात."

खरी गोष्ट अशी की भुलीत माणूस खरंही बोलत नाही आणि खोटंही. झोपताना जे जिभेवर असतं, ते कधी कधी उठताना अर्धवट बाहेर पडतं. मी हे शेकडो जणांना समजावलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. भुलीत माणूस खरंच बोलतो, हा लोकांचा समज पक्का. मीही पुढे तो खोडायचा नाद सोडला. त्याला कारण घडलं, तेच इथे सांगते.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं. सर्जनचं नाव दवाखान्याच्या पाटीवर असतं, भूलतज्ज्ञाचं कुठेच नसतं. माझा स्वतःचा दवाखाना नव्हता. कायनेटिक स्कूटरच्या पुढ्यात औषधांची बॅग ठेवायची आणि ज्याचं बोलावणं येईल त्याच्या दवाखान्यात जायचं. भूल देणं म्हणजे नुसतं झोपवणं नव्हे. माणसाचा श्वास, नाडी, रक्तदाब सगळं आपल्या ताब्यात घ्यायचं आणि काम झालं की जसंच्या तसं त्याला परत करायचं. ते परत होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मी मुळातच काळजीखोर. माझी आई म्हणायची, ही दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसली तरी भात पुरेल का याची चिंता करत बसते. त्या स्वभावाला साजेसा धंदा मला मिळाला.

त्यात टेबलावर गरोदर बाई आली की काळजी दुप्पट. गरोदर बाईचा घसा आतून सुजलेला असतो, त्यामुळे श्वासाची नळी घालायला त्रास पडतो. तिचा दम लवकर संपतो. तिला सरळ उताणी झोपवलं तर गर्भाशयाचं ओझं मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि रक्तदाब कोसळतो, म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला जरा डावीकडे कलती ठेवायची. आणि आतलं मूल तर दिसतही नाही. त्याला काही झालं तर ते आपल्याला सांगू शकत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. डॉ. देवरे नावाच्या सर्जनचं गंगापूर रोडला छोटं नर्सिंग होम होतं. हात अत्यंत स्वच्छ, तोंड थोडं फटकळ. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, एक पाचव्या महिन्याची पेशंट आहे. हरसूलकडची, पण द्राक्षबागेच्या कामाला विंचूरला आली होती. बैलाने पोटात ढुशी मारली, त्याने स्वादुपिंडाला इजा होऊन त्यापाशी पाणी साठलंय. जठराला खिडकी पाडून ते आत सोडून देतो. तासाभराचं काम आहे."

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवा पडलेला, पाचक रस करणारा अवयव. त्याला मार बसला तर रस बाहेर झिरपतो आणि त्याभोवती पिशवी तयार होते. ती खरी गाठ नव्हेच, नुसतं साठलेलं पाणी. ते जठरात वळवून दिलं की पिशवी आपोआप चिमते. देवरे सरांचा बेत बरोबर होता. सोनोग्राफीवाल्याने मात्र रिपोर्टात लिहिलं होतं, पिशवीच्या आत पडदे दिसतात. सर म्हणाले, "मार लागलाय ना, रक्ताच्या जाळ्या असतील."

दुपारी मी पेशंट तपासायला गेले. मुलीचं नाव मंगल. वय विशीच्या आसपास, गळ्याची हाडं वर आलेली आणि पोट मात्र महिन्यांच्या मानाने फारच मोठं. विंचूरला बरोबरच्या बायका तिला जुळं आहे म्हणून चिडवत होत्या. पण खाल्लेलं टिकेना, डाव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी इकडे पाठवलं. खाटेशी नवरा काशिनाथ उभा होता. कोपऱ्यात जमिनीवर सासू बसली होती, चांगुणाबाई. ती माझ्याकडे पाहत होती.

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. मार लागलेल्या पेशंटच्या बरगड्या आणि फुप्फुसं बघावी लागतात, म्हणून जरा खोदून विचारलं. "बैलाने कधी मारलं?"

"भात लावणीच्या टायमाला," मंगल म्हणाली.

"नाय, झोडणीच्या," काशिनाथ म्हणाला.

लावणी आषाढातली आणि झोडणी दिवाळीच्या सुमाराची. "तेव्हा पोटात खूप दुखलं असेल. किती दिवस पडून होतीस?"

मंगलने नवऱ्याकडे पाहिलं. "पडून नवते. कामाला गेले."

स्वादुपिंडाला मार बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जात नाही, तो गुरासारखा ओरडतो. मला राग आला. मी काशिनाथला फाडफाड बोलले, "बायको टेबलावर जाणारेय आणि तुम्हाला धड आठवत नाही?" तो खाली बघत राहिला. बिचाऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती, पण ते मला नंतर कळलं. सकाळी काही खायचं नाही, नागलीची पेजसुद्धा नाही, पेज म्हणजेही खाणंच, असं बजावून मी निघाले, तेवढ्यात मंगलने माझा हात धरला.

"बाई, झोपंत मी काय बोलंन का?"

पुन्हा तोच प्रश्न. मी ठरलेलं उत्तर दिलं, की झोपताना जे जिभेवर असेल तेच कधी कधी निघतं, बाकी काही नाही. एरवी लोक हे ऐकून हसतात. मंगल हसली नाही. तिने माझं वाक्य नीट ऐकून घेतलं आणि हात सोडला.

मी कायनेटिकला किल्ली लावत होते तर मागे चांगुणाबाई उभी.

"बाई, बैलानं काय नाय केलं," ती म्हणाली. "आमचा सोन्या लय गरीब हाय. लेकरं त्याच्या पोटाखालून जातात."

मी किल्ली काढून घेतली.

तिने सांगितलं ते असं. मंगलचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून पाड्यावर कुजबुज सुरू होती. म्हातारी विधवा, तिची नजर वाईट. पलीकडच्या पाड्यावर मागे एका बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवून घरातून हुसकलं होतं, तिच्या घराचं छप्पर उतरवलं होतं. विंचूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी "पोटात गाठ आहे" म्हटलं तेव्हा पाड्यावरची माणसं आजूबाजूलाच उभी होती. डॉक्टरांनी सहज विचारलं, "काही मार वगैरे लागला होता का?" आणि मंगलने ते वाक्य वरच्यावर झेललं. हो, बैलाने मारलं. पाड्याच्या लेखी कारण नसलेली गाठ म्हणजे कुणीतरी केलेली गाठ, आणि कुणी केली म्हटल्यावर नाव सासूचंच निघणार.

"तिनं माझ्यासाठी बैलाचं नाव घेतलं," चांगुणाबाई म्हणाली.

"मग तुम्ही मला का सांगताय?"

"तुमी लय बारीक इचारत व्हत्या. म्हटलं, कारणावरून औषिद बदलत असंल. बदलतं का?"

"बदलतं."

"मग बैल नवता. माझं काय व्हायचं ते होवो. पोरीला नीट करा."

मी तशीच मागे फिरले. देवरे सर चहा पीत होते. मी म्हटलं, "सर, बैल नव्हता." त्यांनी कप खाली ठेवला, सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा काढला आणि ते आतले पडदे बराच वेळ पाहत बसले.

मार नाही, पोटदुखीचा इतिहास नाही, तर साठलेलं पाणीही नाही. मग ही खरीच गाठ. तरुण बायकांच्या स्वादुपिंडाच्या शेपटाला अशी पाण्याने भरलेली, आत कप्पे असलेली गाठ क्वचित होते. सरांनी मुंबईला आपल्या गुरूंना फोन लावला. ते म्हणाले, अशी गाठ गरोदरपणात झपाट्याने वाढताना दिसते, बहुधा त्या काळातल्या संप्रेरकांचं तिला खतपाणी मिळतं. पुढे फुटू शकते. आत कॅन्सर दडलेला असू शकतो. खिडकी पाडून जठराला जोडायची तर मुळीच नाही, अख्खीच्या अख्खी काढायची, तिला साधी सुईही लावायची नाही. आणि बाळंतपणापर्यंत थांबू नकोस, हे मधले महिनेच त्यातल्या त्यात बरे. सरांनी विचारलं, तुमच्याकडे पाठवू का? ते म्हणाले, इतकी ताणलेली गाठ घेऊन कसारा घाट उतरवू नकोस, तूच कर.

उद्या सकाळी आपण त्या गाठीला चिरा देऊन ती जठराला जोडणार होतो, हे फोन ठेवताना दोघांच्याही मनात आलं.

सरांनी तिघांना आत बोलावून सगळं सांगितलं. ऑपरेशन मोठं आहे, गाठीबरोबर स्वादुपिंडाचं शेपूट आणि त्याला लागून असलेली पाणथरी, म्हणजे प्लीहाही काढावी लागेल, रक्त लागेल. मूल राहील अशी आशा आहे, खात्री नाही. मंगल सासूकडे बघून रडायला लागली. "आई, का सांगितलं?" एवढंच म्हणत होती. चांगुणाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. काशिनाथने विचारलं, "साहेब, पाड्यावरच्यांना काय सांगू?"

देवरे सर म्हणाले, "रोगाचं कारण मला कळायला हवं होतं, ते कळलं. पाड्याला कळायची काही गरज नाही. मार खोल होता म्हणून सांग."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता आणि संन्याशाला चार पाय होते.

रक्ताची सोय व्हायला मध्ये थोडे दिवस गेले. विंचूरहून टेम्पो भरून पाड्याची माणसं रक्त द्यायला आली. घाबरत आली, पण आली. त्यांच्यात लहानूबाबा म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. पाड्यावर त्यांचा शब्द चालायचा. ते व्हरांड्यात बसून बारीक डोळ्यांनी सगळं पाहत असायचे, विशेषतः चांगुणाबाईकडे. ती त्यांच्यासमोरून जाताना पदर आणखी पुढे ओढायची. मला रोज भीती वाटायची की यांच्यासमोर कुणाच्या तोंडून काही निसटेल. माझ्या टेबलावर दोन जीव असणार होते. आता तिसरा, चांगुणाबाईचा, बाहेर व्हरांड्यात टांगणीला लागला होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मंगलला टेबलावर घेतलं. उजव्या कुशीखाली उशी दिली. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू दाखवणारं यंत्र तेव्हा नवं होतं. मी ते स्वतः घेतलं होतं आणि तान्ह्या पोरासारखं जपायची. ते तिच्या बोटाला लावलं. मास्क धरला तेव्हा तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल म्हणून मी थांबले नाही.

नळी घालताना ती खोकली असती तर गाठ आतच फुटली असती. जठरातलं काही वर येऊन श्वासात जाऊ नये म्हणून सिस्टरने बाहेरून गळा दाबून धरला होता. नळी पहिल्या खेपेला बसली. माझ्या पाठीवरून घाम ओघळला, थंडीचे दिवस असूनही.

देवरे सरांनी पोट उघडलं. गाठ चांगली नारळाएवढी होती, करडी, गुळगुळीत, आणि खाली गर्भाशय. सर गाठीला हातही अलगद लावत होते. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. मग पाणथरीच्या मुळाशी एक शीर सुटली.

यंत्राचा आवाज आधी भरभर झाला आणि मग उतरत गेला. "सर, थांबा," मी म्हटलं. त्यांनी तिथे बोट दाबून धरलं आणि खरंच थांबले. हे प्रत्येक सर्जनला जमत नाही. मी रक्ताची बाटली हाताने पिळत होते. रक्तदाब लागेना. बाळाचे ठोके ऐकायला जागाच नव्हती, पोटावर सगळी हिरवी कापडं. आईचा दाब पडला की बाळाचं रक्त तुटतं, हे मला ठाऊक होतं. ते आत्ता जिवंत आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी नास्तिक नाही, पण टेबलापाशी मी देवाला कधी बोलवत नाही, लक्ष विचलित होतं. त्या दिवशी बोलावलं.

हळूहळू दाब वर आला. "करा," मी म्हटलं. सरांनी शीर बांधली. गाठ अख्खी बाहेर आली, एक थेंबही न सांडता.

पोट शिवून झाल्यावर सिस्टरने बाळाचे ठोके ऐकायचं नळकांडं बेंबीखाली टेकवलं आणि कान लावला. तिने जागा बदलली. पुन्हा बदलली. मग तिने एक बोट वर केलं आणि ते टकटक हलवू लागली. ठोके चालू होते. देवरे सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आता माझं खरं काम, परत करण्याचं. मंगल डोळे उघडू लागली, नळी काढली. खोल्या वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. त्या काळी लहान दवाखान्यांत स्ट्रेचर नातेवाईकच उचलत. मी काशिनाथला दोनच माणसं घे म्हटलं होतं, पण पुढे लहानूबाबा स्वतः लागले आणि मागे पाड्याची चार पोरं. नको कसं म्हणणार? मी मंगलच्या डोक्याशी चालत होते आणि मनात म्हणत होते, पोरी, आता तोंड उघडू नकोस. चांगुणाबाई जिन्याच्या तळाशी भिंतीला टेकून उभी होती.

अर्ध्या जिन्यात मंगलचे ओठ हलले.

"सोन्या…" ती म्हणाली. अगदी स्पष्ट. "सोन्या, मागं सर… सोन्या…"

लहानूबाबा थांबले. स्ट्रेचर तिरकं झालं. मी ओरडले, "अहो, चला!" पण ते मागे वळून पोरांना म्हणाले, "ऐकलं का? बैलच व्हता. भुलीत माणूस खोटं बोलत नाय."

पोरांनी माना डोलावल्या. मग लहानूबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं ना, बाई?"

हा समज चुकीचा आहे, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते.

"तिच्याच तोंडून ऐकलंत ना?" मी म्हटलं. "चला आता वर."

तळाशी चांगुणाबाई मटकन पायरीवर बसली. मला तिच्यापाशी जाता आलं नाही, मंगलची नाडी माझ्या बोटाखाली होती.

पुढचे दिवस काळजीतच गेले. कळा सुरू होतील का, जखम धरेल का, गाठीच्या तपासणीत काय निघेल. मुंबईहून रिपोर्ट आला. गाठ त्याच जातीची होती, पुढे बिघडू शकली असती, पण अजून कॅन्सर झालेला नव्हता. उन्हाळ्यात मंगलला मुलगी झाली. बाळंतपणाला मला बोलावलं नव्हतं, गरजही नव्हती, तरी मी दारात जाऊन उभी राहिले.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका शिबिरासाठी मी हरसूलला गेले. बाजाराचा दिवस होता. नागली आणि सुकी मासळी मांडलेल्या ओळीतून कुणीतरी "डाक्टरीण बाई" म्हणून हाक मारली. मंगल होती, अंगाने भरलेली. शेजारी शाळेचा गणवेश घातलेली मुलगी. मंगलने मला तिथेच बारदानावर बसवून घेतलं.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. "जिन्यात तू सोन्याचं नाव कसं घेतलंस?"

ती हसली. "तुमीच तर सांगितलं व्हतं, झोपताना जे जिभंवर आसंल तेच निघतं. मी रोज घोकत व्हते. तुमी तोंडावर मास्क ठेवला तवा पण सोन्या, सोन्या म्हणत व्हते."

म्हणजे ते हलणारे ओठ देवाचं नाव घेत नव्हते. मी चांगुणाबाईची चौकशी केली.

"आई मागल्या साली गेली. घरातच गेली, आपल्या जागंवर," मंगल म्हणाली. हे "आपल्या जागंवर" तिने सावकाश म्हटलं.

"आणि बैल?"

"तो तिच्या आधी. सगळे म्हणत व्हते, मारका बैल इकून टाका. आईनं इकू दिला नाय. रोज पहिली भाकर त्याला, मग आमाला. पोळ्याला पाया पडायची त्याच्या. पाडा हसायचा. सुनंला मारलं त्या बैलाचे लाड करती म्हातारी, म्हणायचे."

मुलगी मध्येच म्हणाली, "तो मेला ना, तर आजीनं चूल पेटवली नाय. आमी सगळे उपाशी."

"लहानूबाबा आले इचारायला," मंगल म्हणाली. "बैलाचं सुतक कुनी धरतं का म्हणून."

"मग?"

"आई म्हणाली, घरातलं माणूस गेलं. आज चूल नाय."